उजाडायच्या आत

आमच्या घरात दिवसाची रात्र करायचं काम माझ्या लेकीकडे होतं. ती तेव्हा पहिलीत होती. मी नाइट शिफ्ट करून सकाळी घरी आलो की ती कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची टोपली घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभी असायची. मी खिडकीच्या दांडीवर जाड सोलापुरी चादर टाकायचो आणि ती मला एकेक चिमटा द्यायची. कुठे फट राहिली की बोट दाखवून म्हणायची, "बाबा, तिथून उजेड येतोय." सगळ्या फटी बुजल्या आणि खोलीत मिट्ट काळोख झाला की मगच तिचं समाधान व्हायचं. "झाली रात्र. झोपा," म्हणायची आणि दार हळूच ओढून घेऊन बाहेरच्या खोलीत निघून जायची. बाहेर तेव्हा लख्ख ऊन पडलेलं असायचं.

मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. दिवाळी आली की लोक विचारतात, "काय, आता मजा, कंपनी बंद!" त्यांना काय सांगणार? कंपनी बंद असते तेव्हाच आमचं खरं काम निघतं. वर्षभर लाइन थांबवता येत नाही, म्हणून पॅनेलं उघडायची, वायरिंग बदलायचं, मोटारी उतरवायच्या, ते सगळं दिवाळीत. बाकीचे मिठाईचा बॉक्स घेऊन गावाकडे जाणाऱ्या गाड्यांत बसतात आणि आम्ही हेल्मेट घालून आत शिरतो. त्या वर्षी माझ्या वाट्याला सगळ्या रात्रपाळ्याच आल्या होत्या.

बायको भोसरीला वायरिंगच्या कंपनीत जनरल शिफ्टला होती. म्हणजे मी घरी यायचो तेव्हा ती निघालेली असायची, आणि ती यायची तेव्हा मी डबा भरत असायचो. आमची गाठ जिन्यात पडायची. तिथे उभ्याउभ्याच ती सांगायची, भाजी ओट्यावर आहे, दूध तापवलंय, पोरीला काल खोकला होता, गार पाणी देऊ नका. शिफ्टमध्ये नियम असतो, की बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आमचा संसारही त्याच नियमावर चालला होता. एकदा मी गमतीने म्हटलं, "चार्ज घेतला मॅडम, निघा तुम्ही." पूर्वी ती अशा वेळी हसायची. त्या दिवशी नुसतीच पर्स खांद्याला लावून उतरली.

शाळा चालू असायची तोवर हे निभत होतं, कारण माझी झोप आणि पोरीची शाळा एकाच वेळी चालायची. सुट्टी लागली आणि सगळं उघडं पडलं. चिखलीतली आमची बिल्डिंग म्हणजे तीन मजल्यांवर भाडेकरू आणि तळमजल्यावर घरमालकीण मावशींचं किराणा दुकान. भाडेकरू कुणी बीडचे, कुणी नांदेडचे, कुणी जळगावकडचे. सुट्टी लागल्याबरोबर एकेक दार बंद होत गेलं. पोरांनी जिन्याखाली मातीचा किल्ला अर्धा करून ठेवला होता, आणि जाताना तो माझ्या लेकीच्या ताब्यात दिला. त्यावर मोहरी पेरलेली, तिला रोज पाणी घालायचं. तिने ते इतक्या मनापासून केलं की मोहरी उगवली, पण एका बाजूचा बुरूज विरघळून गेला. ती धावत वर आली, मला सांगायला. मी झोपलेलो होतो. ती दारापर्यंत येऊन परत गेली, हे मला बायकोकडून दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात कळलं.

मी झोपायचो तेव्हा ती टीव्ही बघायची, आवाज बंद करून. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कार्टूनमधली सगळी बोलणी ती स्वतःच करायची, कुजबुजत, दोन-तीन वेगवेगळ्या आवाजांत. मधेच झोपमोड झाली की मला दारापलीकडून ती कुजबुज ऐकू यायची. वाटायचं, बाहेर चार-पाच पोरं खेळतायत. मग लक्षात यायचं की ही एकटीच आहे. उठून तिच्याजवळ जाऊन बसावं असं फार वाटायचं, पण अंग शिशासारखं जड झालेलं असायचं, आणि तेवढ्यात पुन्हा डोळा लागायचा.

दुपारी मी उठलो की आम्ही दोघं जेवायचो. मी तिच्याशी बोलायचो, पण अर्धवट. माझ्या डोक्यात रात्रीच्या मशीनचा आवाज भरलेला असायचा. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी कुणाशीच धड बोलत नव्हतो. कामावर आवाजात ओरडून बोलायचं, बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले आणि घरी मी झोपलेलो. घरात माणसं तीन, पण तिघांनी मिळून एका ताटात खाल्लंय असा दिवस मला आठवत नव्हता. एकटं राहायला माणसाला जंगलात जावं लागतं असं नाही. दोन खोल्यांच्या घरात, बायको-लेकीच्या मधे राहूनही ते छान जमतं.

दिवाळीच्या तोंडावर एके दुपारी लेक दुकानातून साखर घेऊन वर आली ती गंभीर चेहऱ्याने. मला विचारलं, "बाबा, तुम्ही पहिली अंघोळ कधी करता?"

"कामावरून आल्यावर. का गं?"

"म्हणजे उजाडल्यावर?"

"हो. बस आल्याशिवाय कसा येणार मी?"

तिचा चेहरा पडला. मग हळूहळू कळलं. मावशींनी दुकानात बसून तिला नरकचतुर्दशीची सगळी गोष्ट सांगितली होती. मावशी चिखली गावातल्याच. बाकी सगळ्यांना जायला गाव होतं, मावशींचं गाव त्यांच्या पायाखालीच. त्यामुळे सुट्टीत पोरीशी बोलायला त्या तेवढ्या उरल्या होत्या. मी खाली गेलो तेव्हा त्यांनी मलाही ठणकावून सांगितलं, "व्हय, आमी तर लहानपनापास्नं ऐकतोय. सूर्य उगवायच्या आत अंगाला त्याल-उटणं लावून न्हायचं. न्हाई न्हाला तर मानूस नरकात जातो."

"मावशी, मग आमची अख्खी कंपनी जाणार बघा," मी म्हणालो. त्या हसल्या. लेक हसली नाही.

दोन दिवस ती त्याच विचारात होती. जेवताना विचारायची, "नरकात दिवाळी असते?" पाणी पिताना विचारायची, "तिथे तुमच्याबरोबर अजून कोण असेल?" मी म्हटलं, "अगं, आमच्या खात्यातली सगळी मंडळी असतील." त्यावर तिने विचार करून विचारलं, "पण तुम्ही तिथेही दिवसाच झोपणार. मग तुमच्याशी कोण बोलणार?"

मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, की यंदा मी उजाडायच्या आत घरी येईन. आपण तिघं मिळून पहिली अंघोळ करू. तिने माझा हात हातात घेऊन टाळी घेतली. मग तिने आपल्या गादीशेजारी उटण्याची पुडी, साबण आणि मावशींनी दिलेलं कारीट, ते पायाने फोडायचं कडू फळ, असं ओळीत मांडून ठेवलं आणि कुणाला हात लावू देईना.

मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "राव, काम आटपलं तर पाचला निघ. मटेरियलची गाडी पुण्याकडे जाते, तुला मोशीला सोडेल." मी खूश झालो. बायकोला जिन्यात सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमच्या कंपनीचं मला सांगू नका."

ती तशी का बोलली ते मग बाहेर पडलं. तिचा भाऊ आळंदीजवळ चऱ्होलीला राहतो. तो धनत्रयोदशीच्या रात्री गाडी घेऊन गावी, अंबाजोगाईकडे निघणार होता. ती म्हणाली, "गाडीत जागा हाय. लेकराला घेऊन मी जाऊ का त्याच्यासंगं? दिवसभर एकटंच बोलायलंय ते. तुम्ही तर झोपलेलेच राहता. आम्ही असलो काय, नसलो काय."

रात्रभर उभा राहून आलेला माणूस. माझंही टाळकं सरकलं. "जा की मग," मी म्हणालो. "कुणी धरून ठेवलंय?"

ती तशीच, बस चुकेल म्हणून निघून गेली. पुढचे दोन दिवस आम्ही जिन्यात फक्त भाजी आणि दूध एवढंच बोललो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी कामावर निघालो, तर माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून कॉटवर ठेवलेली. तोंड उघडं, आत काय ते दिसलं नाही. विचारावं असं वाटलं, पण जीभ रेटेना. विचारलं आणि ती "हो, जातोय" म्हणाली तर? लेक कंदिलाची वायर हातात धरून खुर्चीवर उभी होती. मला म्हणाली, "बाबा, नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की."

काम वेळेत आटपलं होतं. शेवटचं पॅनेल बंद केलं, लाइन चालू करून बघितली, तर कन्व्हेयरची मोटर उलटी फिरायला लागली. दोन वायरी एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. बदलायला दहा मिनिटं पुरतात, पण त्यासाठी पुन्हा सप्लाय बंद करायचा, कुणी चुकून चालू करू नये म्हणून पुन्हा स्विचला कुलपं लावायची, पुन्हा साहेबाची सही. साहेब दुसऱ्या शेडमध्ये. मटेरियलची गाडी तोवर निघून गेली. माझ्याबरोबरचा पोऱ्या म्हणाला, "भावा, एवढं काय मनाला लावून घेतो? घरी जाऊन झोपणारच ना?" मी त्याच्यावर असा खेकसलो की बिचारा टूलबॉक्स घेऊन बाजूला झाला.

शेवटी नेहमीच्याच बसने निघालो. बायकोला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मोशीच्या पुलावर आलो तेव्हा इंद्रायणीच्या बाजूने सूर्य वर आला होता, लालभडक, चांगला हातभर. बसमधले सगळे झोपलेले. मी एकटाच त्याच्याकडे बघत होतो. सूर्यावर चिडायची ती माझी पहिलीच वेळ.

चिखलीत उतरलो. रस्त्यात फटाक्यांचे कागद पडलेले, पोरं नवीन कपडे घालून फिरत होती, घराघरातून तळणाचा वास येत होता. आमच्या गल्लीच्या वळणावर आलो आणि वर बघितलं. बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, ते ठीकच, सगळे गावी. पण आमचीही तशीच. गॅलरीचं दार बंद, आतून काळं. कंदील विझलेला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी रोज दिसणारी बायकोची सावली नाही. दारात रांगोळी असेल तर असेल म्हणून जिना चढायला लागलो. गेल्या. माझ्या तोंडून गेलेला शब्द धरून दोघी गेल्या. आता दार उघडायचं, चादर लावायची, चिमटे स्वतःच घ्यायचे आणि झोपायचं. माझ्या झोपेला आता कुणाचाच त्रास होणार नव्हता. मला तिथे जिन्यातच रडू आलं.

दारात रांगोळी होती. पण ती आदल्या दिवशीचीही असू शकत होती. मी किल्ली काढली, तेवढ्यात दार बोटभर किलकिलं झालं आणि आतून कुजबुज आली, "बाबा? लवकर आत या. दार लावा. उजेड येईल!"

मी आत गेलो. दार लागलं तशी दाराच्या फटीला आतून पायपुसणं सरकवलं गेलं. घरात काळोख होता. बाहेरच्या खोलीत एकच पणती जळत होती. डोळे सरावले तसं दिसायला लागलं. गॅलरीच्या काचेच्या दारावर माझी सोलापुरी चादर. खिडकीवर दोन गोधड्या. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या भोकात लेकीचा जुना फ्रॉक कोंबलेला, बाथरूमच्या झरोक्याला फटाक्यांच्या खोक्याचा पुठ्ठा. जिथे तिथे चिमटे. टोपली रिकामी होती. कॉटवर ती मोठी बॅग तशीच उघडी, आणि तिच्यातून दिव्यांच्या माळा आणि पांघरुणं बाहेर आलेली.

"अजून उजाडलं नाही," लेक मला म्हणाली. तिचे केस विंचरलेले नव्हते आणि अंगावर रात्रीचाच फ्रॉक होता. "तुम्ही वेळेत आलात."

बायको भिंतीला टेकून पाटाशेजारी बसली होती, हातात तेलाची वाटी. ती हळू आवाजात म्हणाली, "चारला उठवलं हिने मला. म्हटलं, तू तरी न्हाऊन घे. न्हाई म्हणाली, बाबा आल्याबिगर न्हाई. मग खिडकीत उजेड दिसायला लागला तशी रडायलीच. मी काय करू मला कळंना. मग आपली आपणच गप झाली, डोळे पुसले आन् खुर्ची ओढून आणली."

"फोन का उचलला नाहीस?"

"उशीखाली लपवलाय तिने. वाजला की उजेड होतो म्हणून."

बायकोचा भाऊ रात्री आला होता, थांबला होता आणि एकटाच गेला होता, एवढं तिने सांगितलं. ती म्हणाली, "शर्ट काढा आणि बसा पाटावर. किती वेळ वाट बघायची माणसाने."

मी पाटावर बसलो. तिने माझ्या पाठीला तेल लावलं, मग उटणं. तिचा हात माझ्या पाठीला लागून किती दिवस झाले होते ते मला आठवेना. लेक समोर बसून माझ्या पायांना उटणं लावत होती, जास्त करून फरशीलाच. बाहेर दूधवाल्याची गाडी वाजली, कुणीतरी मोठी माळ लावली, देवळातली आरती सुरू झाली. आम्ही तिघांनीही काही ऐकलं नाही.

तेवढ्यात खालून मावशींनी जिन्यात हाक मारली, "अगं ए पोरी, उठलीस का न्हाई? ऊन आलं की दारात!"

लेक दचकली. तिचा हात माझ्या पायावर तसाच थांबला. ती माझ्याकडे बघायला लागली, आणि त्या पणतीच्या उजेडातही मला दिसलं की आता ही रडणार. मी जागेवरूनच ओरडलो, "मावशी, अजून उजाडायचंय! आमच्याकडे रात्र आहे!"

मग मावशी म्हणाल्या, "व्हय का? बरं बरं. न्हावा निवांत." त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला.

आधी मी न्हालो, मग लेक, मग बायको. मी अंगावर पाणी घेत असताना बायकोने मला ओवाळलं आणि लेकीने फुलबाजी धरली. त्या अंधाऱ्या बाथरूममध्ये ती अशी काही तडतडली की मी डोळे मिटले. डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं तेव्हा लेकीने विचारलं, "झालं? आता नाही ना जाणार?" मी म्हटलं, "नाही जाणार." तिने सुटकेचा श्वास सोडला, एवढा मोठा की बायकोला हसू आलं. खूप दिवसांनी मी तिचं हसणं ऐकत होतो, आणि तेही अंधारात.

मग आम्ही पणतीभोवती फराळाला बसलो. एका ताटात चकल्या, चिवडा, तिने रात्री उशिरापर्यंत केलेले शंकरपाळे. गोधडीच्या एका फटीतून उन्हाची बारीक रेघ आत आली होती, ती थेट ताटात पडली होती. तिघांनाही दिसत होती, पण कुणी बोललं नाही. माझे डोळे मिटायला लागले होते. झोप चढली होती, आणि संध्याकाळी पुन्हा बस होती. पुन्हा जिना, पुन्हा भाजी ओट्यावर, पुन्हा दारापलीकडची ती कुजबुज. ते काही चुकणार नव्हतं. मला झोपायचं नव्हतं.

लेक उठली. रिकामी टोपली घेऊन गॅलरीच्या दाराशी गेली, पहिल्या चिमट्याला हात घातला आणि मागे वळून मला विचारलं, "बाबा, आता उजाडू देऊ का?"

मी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली.

"थांब अजून थोडं," मी म्हणालो.

लेकीने टोपली खाली ठेवली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली.